हेरेसमध्ये वाइनचं वय विचारू नये

मोठ्या बोदेगाची सहल मला अजिबात आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. शेरी म्हणजे स्पेनमधल्या हेरेस गावच्या भागातली, वरून मद्यार्क घातलेली वाइन, आणि बोदेगा म्हणजे ती मुरवायचं कोठार. चाळीसेक माणसं, प्रत्येकाच्या कानात इंग्रजी निवेदन, पुढच्याच्या पाठीवर डोळे लावून चालायचं आणि शेवटी चार पेले घाईघाईने संपवून दुकानातून बाहेर पडायचं. नाव लिहीत नाही, कारण अशा दोन-तीन तरी असतील. माझ्या शेजारच्या बाई तर पिंपांकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होत्या. तिकिटाच्या पैशांत बाहेर एखाद्या ताबांकोत, म्हणजे पिंपातून थेट शेरी वाढणाऱ्या जुन्या गुत्त्यात, पोटभर खाऊन-पिऊन झालं असतं.

स्पेनला वाइनसाठी जाणारे बहुतेक जण उत्तरेकडच्या रिओखाला जातात. आम्ही खाली, दक्षिणेच्या अंदालुसियात उतरलो ते दादामुळे. दादा व्हिस्कीवाला. बाटलीवर ‘शेरी कास्क’, म्हणजे शेरीच्या पिंपात मुरवलेली, असं छापलेलं दिसलं की हा हजार-दोन हजार रुपये जास्त मोजायला तयार. तेव्हा ती पिंपं जिथून येतात ते गाव बघायचंच, असा त्याचा हट्ट. वहिनी पीत नाही, पण हट्टापुढे तिचंही काही चाललं नाही. सेव्हियाहून रेल्वेने तासाभरात हेरेस. स्टेशन रंगीत टाइल्सनी इतकं मढवलेलं की बॅगा तिथेच टाकून बसावंसं वाटलं. घोड्यांची शाळा, किल्ला, बाजार हे सगळं पाहिलं, छान होतं.

सप्टेंबरची सुरुवात होती. द्राक्षांची काढणी आटपत आलेली. गावाबाहेरच्या बागांमध्ये जमीन पांढरीफटक, उन्हात डोळे उघडवत नाहीत. या चुनखडीच्या मातीला अल्बारिसा म्हणतात. पावसाळा इथे हिवाळ्यात. काढणी झाली की ओळींच्या मध्ये चौकोनी खळगे करून ठेवतात, म्हणजे पाणी वाहून न जाता मुरतं. उन्हाळ्यात वरचा थर कडक होतो, खालची ओल टिकते. पावसाचा थेंब नसताना पालोमिनोचे वेल हिरवेगार उभे होते. ही द्राक्षं चवीला अगदीच सपक, मी दोन-चार तोंडात टाकली. पुढची सगळी करामत कोठारातच होत असणार, हे तेव्हाच लक्षात आलं.

मोठ्या बोदेगाचा राग मनात होता, म्हणून दुसऱ्या दिवशी एका लहानशा बोदेगात गेलो. आत आम्ही तिघं, दुभाषी म्हणून एक तरुण मुलगी आणि तिथले कपातास, म्हणजे पिंपांचे मुकादम. साठी ओलांडलेले. बाहेर पारा 38च्या वर आणि आत एसी नसताना गारवा. भिंती हातभर जाड, छत देवळाच्या सभामंडपापेक्षा उंच, खिडक्या पार वर आणि त्यांवर गवती पडदे. खाली फरशी नाही, पिवळी रेती आहे. उन्हाळ्यात तिच्यावर पाणी शिंपडतात. एवढे लाड कोणाचे, तर पिंपातल्या एका पांढऱ्या थराचे.

पिंपं सहाशे लिटरची, पण भरतात पाचशेपर्यंतच. वर दोन मुठी हवा ठेवायची. त्या हवेत वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टचा थर धरतो, त्याला फ्लोर म्हणतात. काच बसवलेल्या एका पिंपातून तो दिसत होता: सुरकुतलेला, मळकट पांढरा. वहिनी वाकून बघत म्हणाली, “लोणच्यावर एवढा बुरा आला असता तर मी बरणीसकट फेकलं असतं.” मुलीने भाषांतर केलं, तेव्हा कपातास मोठ्याने हसले. हा थर वाइनचा हवेशी संबंध येऊ देत नाही आणि वाइनमधलंच मद्य नि ग्लिसरीन खाऊन जगतो. म्हणून या थराखाली मुरलेली शेरी, म्हणजे फिनो, फिकट आणि खडखडीत कोरडी होते. तिच्यात द्राक्षांचं मद्यार्क घालून प्रमाण 15 टक्क्यांवर आणतात, तेवढं फ्लोरला सोसतं. 17च्या वर नेलं की तो मरतो, वाइन हवेशी झुंजत तांबूस होते आणि तिची ओलोरोसो होते. कोणतं पिंप कोणत्या वाटेने जाणार हे वास घेऊन ठरवतात आणि पिंपावर खडूने खूण करतात. फिनोच्या बेताच्या पिंपाला एक तिरकी रेघ. पुढे त्या वाइनने विचार बदलला तर तीच रेघ आडवी छेदायची, मग ती पालो कोर्तादो, म्हणजे दोन्हींच्या मधली शेरी. पिंपं मुद्दाम काळी रंगवलेली, गळती लागली तर लगेच दिसावी म्हणून.

मग कपातासांनी लांब दांडीची, चिंचोळ्या वाटीची पळी उचलली. तिला वेनेन्सिया म्हणतात. एका झटक्यात ती थर भेदून खाली गेली, वर आली आणि खांद्याच्या उंचीवरून बारीक धार सरळ इवल्याशा पेल्यात. रेतीवर एक थेंब सांडला नाही. दादाने घोट घेतला, डोळे मिटले आणि त्याचा ठरलेला प्रश्न विचारला, “किती वर्षांची?”

कपातासांनी खांदे उडवले. मुलीने पुन्हा विचारलं. ते म्हणाले, कुठलं वर्ष सांगू? मग हाताने दाखवत गेले. पिंपांच्या रांगा एकावर एक. बाटलीत भरायची ती सर्वांत खालच्या रांगेतली, तीही एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काढायची नाही. जेवढी काढली तेवढी वरच्या रांगेतून भरायची, तिची तूट तिच्या वरच्या रांगेतून, आणि नवी वाइन सगळ्यांत वर. तीही धसमुसळेपणाने ओतायची नाही. नरसाळं लावून, भोकं पाडलेल्या नळीने फ्लोरच्या खाली सोडायची, नाहीतर थर फाटतो. खालचं पिंप कधीच रिकामं होत नाही. त्यात परवाची आहे, त्यांच्या वडिलांनी ओतलेली आहे आणि त्यांनी कधी न पाहिलेल्या माणसांनी भरलेलीही आहे. “मी आज वर ओततो ती खाली पोचेल तेव्हा मी घरी बसलेलो असेन,” असं म्हणून त्यांनी पळी पुसली.

लेबलवर 20 किंवा 30 वर्षं लिहिलेल्या बाटल्या मिळतात, पण ते सरासरी वय आणि ते नियामक मंडळ प्रमाणित करतं, असं मुलीने सांगितलं. दादाचं समाधान झालेलं दिसलं नाही. माझं झालं. दर बाटलीचं साल पाठ असणाऱ्या माणसांबरोबर आजवर बरीच वर्षं जेवले आहे मी.

दादाची खरी निराशा पुढे होती. यातलं कोणतं पिंप स्कॉटलंडला जातं, असं त्याने विचारलं. एकही नाही! ही शंभरी गाठलेली पिंपं कोणी विकत नाही. पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला जायची आणि रिकामी पिंपं तिथले व्हिस्कीवाले स्वस्तात उचलायचे. 1980च्या दशकात बाटल्या इथेच भरण्याची सक्ती झाली आणि तो धंदा संपला. आता व्हिस्कीसाठी नव्या ओकची पिंपं घडवतात, त्यांत वर्ष-दोन वर्षं ओलोरोसो ठेवतात आणि ती रिकामी करून धाडतात. आतली वाइन वापरून झाली की तिचा अर्क काढतात किंवा व्हिनेगर करतात. दादाने दुकानातून व्हिनेगरच घेतलं. ते उत्तम आहे, कोशिंबिरीत वापरते मी.

नंतर सानलुकारला गेलो. ग्वादल्किविर नदीच्या मुखावरचं गाव, पलीकडे दोन्यानाचं जंगल. दमट हवेमुळे इथे फ्लोर वर्षभर जाड राहतो आणि इथल्या फिनोला मान्सानिया म्हणतात. तिच्यात समुद्राचं मीठ लागतं असं सगळे सांगतात. दादाला लागलं, मला नाही, आणि कोळंबी येईपर्यंत आमचं तेवढ्यावरून वाजत राहिलं. कोळंबी मात्र अशी होती की वहिनीने दुसरी थाळी न विचारता मागवली. फक्त मिठात उकडलेली, आणि बिल बघून दादाने चष्मा काढून परत लावला.