किल्ल्याकडे बघ!

आमच्या शाळेच्या मैदानातून अजिंक्यतारा समोर दिसतो. पीटीच्या सरांना त्याचा फार उपयोग व्हायचा. "चेंडूकडे काय बघतेस? किल्ल्याकडे बघ आणि टप्पा मार!" मान खाली गेली की शिट्टी वाजलीच.

बास्केटबॉल दोनच, आम्ही मुली पन्नासेक. मैदान मुरमाचं. तासाची पहिली पाच मिनिटं खडे वेचण्यात जायची, कारण खड्यावर पडलेला चेंडू थेट कुंपण गाठायचा. पण सरांनी पळायची घाई कधी केली नाही. आधी जागेवर, गुडघे वाकवून, कमरेच्या खाली टप्पे. मी तळव्याने थापटायचे. "भाकरी थापतेस होय गं?" म्हणत सरांनी माझी बोटं चेंडूवर पसरून ठेवली. बोटांनी ढकलायचं, तळवा लावायचा नाही. डाव्या हाताची पाळी आली की उजवा हात पाठीमागे. ते जमल्यावर चपलांची रांग मांडून त्यातून नागमोडी.

सगळ्यात अवघड होतं ते आकडे सांगणं. सर समोर उभे राहून बोटं दाखवायचे आणि टप्पा न थांबवता आम्ही ओरडायचं, "तीन! पाच! एक!" माझा चेंडू कितीतरी दिवस पायावरच आपटत होता. दिवाळीनंतर एका सकाळी आकडे सांगता सांगता लक्षात आलं, आपण चेंडूकडे बघितलेलंच नाही! त्या सकाळचा आनंद अजून तसाच आठवतो.

पावसाळ्यात साताऱ्यात मैदान कुठलं मिळायला! मग व्हरांड्यात शहाबादी फरशीवर बसून टप्पे. तिथेच सरांनी सांगितलं, की १८९१ मध्ये नेस्मिथ यांनी हा खेळ काढला तेव्हा चेंडू घेऊन धावायला बंदी होती. झेलला तिथूनच फेकायचा. टप्पा मारत पुढे सरकायची युक्ती खेळाडूंनी नंतर काढली. "टप्प्यामुळे पुढे जाता येतं. पण कुठे जायचं, ते चेंडूवर लिहिलेलं नसतं," सर म्हणाले होते.

आज मी स्वतः क्रीडाशिक्षिका आहे. आमच्या हातात थेट सात नंबरचा, सुमारे ६०० ग्रॅमचा चेंडू आला होता. मनगटं भरून यायची. पाचवीच्या मुलांना मी पाच नंबरचा, म्हणजे लहान आणि हलका चेंडू देते, आणि प्रत्येकाला एक. बाकी सगळा क्रम सरांचाच. माझी शाळा सांगलीत, तिथे समोर डोंगर नाही. म्हणून मी मुलांना पाण्याच्या टाकीकडे बघायला सांगते.