एकोणचाळीस मिनिटांची मुंबई

विंडोजच्या कोपऱ्यातल्या घड्याळाला आणखी दोनच घड्याळं जोडता येतात. ज्याची मुलगी न्यूजर्सीत आणि मुलगा लंडनला, त्याचं तेवढ्यात भागतं. आमच्याकडे याशिवाय भाचा मेलबर्नला, मेहुणी दुबईला. त्यामुळे जगभरच्या वेळा दाखवणारं एक सॉफ्टवेअर टाकलं. आता सगळे नातेवाईक स्क्रीनवर ओळीने उभे असतात आणि जिथे रात्र, तिथली पट्टी काळी. ‘आत्ता नको गं फोन करूस’ म्हणून वाद घालावा लागत नाही, नुसतं बोट दाखवायचं.

कामं टाकून त्यातल्या शहरांच्या यादीत भटकायचा मला नाद लागला आहे. एवढा लांबरुंद चीन एकाच वेळेवर चालतो. सामोआने 2011 साली 30 डिसेंबर हा दिवसच गाळला, 29 नंतर थेट 31. वाढदिवसवाल्यांनी काय केलं असेल कोण जाणे! सूर्याचं इथे फारसं चालत नाही, सरकारचं चालतं. नेपाळ आपल्यापुढे फक्त पंधरा मिनिटं, याचं आपण हसू करतो. पण मुंबईने काय केलं? 1906 मध्ये देशाची प्रमाणवेळ आली, तरी या शहराने 39 मिनिटं मागची स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ 1955 पर्यंत सोडली नाही. तेव्हा हे सॉफ्टवेअर असतं, तर बोरीबंदरच्या गाडीसाठी एक घड्याळ आणि घरच्या जेवणासाठी दुसरं लावावं लागलं असतं. मला तो हट्ट आवडतो.

खरी गंमत मार्च-एप्रिलात. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे नेते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत न्यूयॉर्क-लंडनमधलं पाच तासांचं अंतर चारच उरतं. पाठोपाठ एप्रिलच्या पहिल्या रविवारी मेलबर्न तासभर मागे येतं. आपण जागचे हललेलो नसतो, तरी रविवारच्या व्हिडिओ कॉलची वेळ नव्याने ठरवायची आपणच.

लंडनपुरतं मात्र हिवाळ्यात सॉफ्टवेअर लागत नाही. काट्यांचं मनगटी घड्याळ उलटं धरायचं: आपले दुपारचे बारा, तर तिथले साधारण साडेसहा समोर दिसतात. साडेपाच तासांच्या फरकाची ही करामत शेजाऱ्याला शिकवली. लंडनच्या गिऱ्हाइकाशी बोलताना तो आता कॅमेऱ्यासमोरच मनगट पिळवटतो, आणि तिकडून काळजीने विचारणा होते, हात दुखतोय का?