राजीनामा आणि राजीनाम्याची तयारी

‘मी राजीनामा द्यायला तयार आहे’ हा राजीनामा नव्हे. निर्णय वरिष्ठांच्या गळ्यात मारायचा, त्यांनी ‘नको’ म्हटलं की खुर्ची शाबूत आणि वर त्यागाचं पुण्यही पदरात!

खरा राजीनामा आखूड असतो: पद कोणतं, आणि ते सोडलं. वॉटरगेट प्रकरणात पायउतार झालेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचं ९ ऑगस्ट १९७४ चं पत्र पाहा. परराष्ट्रमंत्र्यांच्या नावे, एकच वाक्य. त्यावर परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी सकाळी ११.३५ ही वेळ टाकून आद्याक्षरं केलीत. पद सोडायला तेवढं पुरतं. पण त्यात चुकीची कबुली शोधून सापडत नाही, आणि महिनाभरात, ८ सप्टेंबरला, त्यांच्या जागी आलेल्या फोर्ड यांनी त्यांना माफीही दिली.

ब्रिटनचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो यांचं १९६३ मधलं पत्र वेगळं. सभागृहाची दिशाभूल केली, असं त्यांनी त्यात सरळ मान्य केलं. मंत्रिपदाबरोबर खासदारकीही सोडली. मंत्रिपद गेलं म्हणून सदस्यत्व आपोआप जात नाही, ही फट अनेकांना सोयीची पडते.

रेल्वेमंत्री असलेल्या लालबहादूर शास्त्रींचं उदाहरण मात्र इथे उगाच ओढलं जातं. १९५६ मध्ये महबूबनगरच्या रेल्वे अपघातानंतर दिलेला त्यांचा राजीनामा नेहरूंनी स्वीकारला नाही, अरियालूरच्या अपघातानंतरचा स्वीकारला. ती खात्याची नैतिक जबाबदारी होती. स्वतःच्या हातून गैरव्यवहार झाल्यावर ‘नैतिक’ शब्द वापरणं ही निव्वळ पळवाट. तिथे लिहायचं असतं ते काय केलं, एवढंच.