चूक सांगायची तयारी

सुट्टीवर कोल्हापूरला येऊन चार दिवस झाले. काल मामेबहीण म्हणाली, "ताई, गुरुवारी शिरोलीला मुलाखत हाय, फौंड्रीत. सायब आबांच्या ओळखीचं हायत. तयारी काय करायची त्यात? जातो आणि बोलतो की." शिरोली म्हणजे कोल्हापूरजवळची औद्योगिक वसाहत, आणि फौंड्री म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचा कारखाना. तिचं बोलणं ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

दोन वर्षांपूर्वी जर्मनीत मीही अशीच गेले होते. मला भरवसा ओळखीचा नव्हता, कामाचा होता. शिरोलीतच तीन वर्षं साच्यांची वाळू तपासायची लॅब सांभाळलेली. बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती), कोळशाची भुकटी, ओलावा, सगळं तोंडपाठ. वर जर्मनीतल्या फ्रायबर्गची पदवी. 1765 साली खाणकामासाठी सुरू झालेलं ते विद्यापीठ, तिथं फौंड्री शिकवायला स्वतंत्र संस्था आहे. शिक्षणानंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो, त्यातले चार गेले होते.

समोर तिघं. माझा बायोडाटा छापून, पेन्सिलीनं खुणा करून बसलेले. दुसराच प्रश्न: "तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा." मी म्हटलं, तशी मोठी चूक झालेली नाही. एकानं काहीतरी लिहून घेतलं. अर्ध्या तासात मी बाहेर.

जाण्यायेण्याचं तिकीट त्यांनीच दिलं. मुलाखतीला बोलावताना 'खर्च देणार नाही' असं आधी कळवलं नसेल तर तो कंपनीनं द्यायचा, असा कायदाच आहे. पण नकाराचं पत्र आलं त्यात कारण नाही, नुसत्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. 2006 च्या समान वागणुकीच्या कायद्यामुळं कुणी भेदभावाचा दावा लावेल म्हणून कंपन्या कारण लिहीतच नाहीत. याचा राग मला आजही आहे. एक ओळ लिहिली असती तर माझे तीन महिने वाचले असते.

आणि चूक तर होती! शिरोलीतला जुलै. पावसानं नवी वाळू भिजलेली. एरवी साडेतीन टक्क्यांच्या आसपास असणारा ओलावा मी सकाळी मोजला आणि त्याच आकड्यावर दुपारपर्यंत विसंबले. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून केलेल्या भागांत, ब्लोहोल (वायूमुळं पडणारी भोकं) निघाले, अर्ध्या पाळीचा माल भंगारात. त्यानंतर मी दर तासाला रीडिंग लावून घेतलं, ते आजही तिथं चालू आहे. माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम हेच, आणि मी ते लपवलं. कारण आपल्याकडं चूक कबूल केली की "पोरगी चुका करते" एवढंच लक्षात राहतं. मी तयार ठेवलेली उत्तरं वेगळीच होती: लग्न ठरलंय का, रात्रपाळी जमेल का. जर्मनीत गरोदरपणाबद्दल विचारताच येत नाही, आणि विचारलंच तर खोटं सांगायचा हक्क बाईला न्यायालयांनी दिलाय. हे कळलं तेव्हा मला रडू आलं होतं.

तरी आपल्या माणसांना मी कमी लेखणार नाही. शिरोलीच्या साहेबांनी माझ्या हातात मूठभर वाळू ठेवून विचारलं होतं, "दाबून सांग, पाणी किती?" मी सांगितलं, यंत्रावर जवळपास तेच आलं आणि नोकरी मिळाली. जर्मनीत माझा हात कुणी पाहिला नाही, नुसतं बोलणं पाहिलं.

मग बोलायचीच तयारी केली. कंपनी कसल्या कास्टिंग करते, साचे कसे भरते, हे त्यांच्या माहितीपत्रकातून वाचलं. कामातले आठ प्रसंग वहीत लिहिले आणि फोनवर रेकॉर्ड करत जर्मनमध्ये मोठ्यानं म्हटले. पहिले कित्येक दिवस जुलैचा प्रसंग म्हणताना आवाज अडकायचा. पुढच्या कंपनीत तोच प्रश्न आला. चाळीस मिनिटं त्या एकाच प्रसंगावर गेली: आधी कुणाला सांगितलं, माल किती गेला, दर तासच का. आज मी तिथंच आहे.

संध्याकाळी बहिणीला रंकाळ्यावर घेऊन गेले. "तुझी एक चूक सांग."

"माझी काय चूक न्हाई."

मी गप्प बसले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "प्रोजेक्टला धातूचं तापमान मी मोजलंच न्हवतं. मैत्रिणीचा आकडा उतरवला."

"मग?"

"मग परत जाऊन मोजलं. तीस अंशांचा फरक आला. सरांना सांगितलं न्हाई अजून."

"उद्या सांगशील?"

ती पाण्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आधी तुलाच सगळं परत एकदा सांगतो, थांब."