विमान बर्फाकडे का वळलं?

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर, थेट विमानाला पंधरा-सोळा तास. आम्हा नाशिककरांना त्यात निम्मा दिवस आणखी धरावा लागतो. समृद्धीच्या बोगद्यामुळे कसारा घाट टळला, पण पुढची भिवंडी-ठाण्याची कोंडी कुठे टळते? म्हणून रात्री दोनच्या विमानासाठी संध्याकाळीच नाशिकचा द्वारका चौक सोडला.

शेजारच्या सीटवर पिंपळगाव बसवंतच्या एक आजी होत्या. लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेल्या, एकट्या, आणि विमानात पहिल्यांदाच. त्यांना बिचाऱ्यांना मधली सीट दिलेली. इतक्या लांबच्या प्रवासात म्हाताऱ्या माणसाला मधे कोंबणं मला क्रूरपणाच वाटतो. त्यात सगळ्या सूचना इंग्रजीत नि हिंदीत. मुंबईहून सुटणाऱ्या विमानात मराठीत चार वाक्यं बोलायला काय हरकत आहे? साधं गरम पाणी मागायलाही आजी संकोचत होत्या. शेवटी मीच उठून आणून दिलं.

युरोप मागे पडला आणि समोरच्या नकाशावर आइसलँड आलं. आजींनी मला हलवून विचारलं, "काय हो ताई, न्यूयॉर्क तर खाली दाखवतंय. मग हे वर बर्फात कुठं निघालं?"

त्यांच्या पिशवीत डिंकाच्या लाडवांचा डबा होता. म्हटलं, आजी, एक लाडू द्या. लाडवाच्या वरच्या अर्ध्या भागात एका अंगाला बदामाचा तुकडा दिसत होता, ती मुंबई. पार पलीकडच्या अंगाला, थोडी आणखी वर, खारीक होती, ते न्यूयॉर्क. आजींनी पदराचा सुटलेला धागा तोडून दिला. तो बदामापासून खारकेपर्यंत आडवा, लाडवाच्या पोटावरून धरला आणि ताणला, तर सरकत सरकत वर टाळूकडे गेला.

"म्हंजी वळसा घालण्यापरीस डोक्यावरनं जवळ पडतं व्हय!" आजी एवढ्या खूश झाल्या की पुढच्या सीटवरच्या मुलालाही त्यांनी धागा ताणून दाखवला. दोन बिंदूंमधली सर्वात जवळची वाट खरोखरच आइसलँडजवळून जाते.

मग दुसरी काळजी. रात्री दोनला निघून साडेपंधरा तास उडायचं आणि उतरायचं त्याच दिवशी सकाळी आठला, हे कसं? उन्हाळ्यात तिथलं घड्याळ साडेनऊ तास मागे असतं. बोटांवर मोजून त्यांनी स्वतःच ताळा केला आणि म्हणाल्या, "मंग लेकीला आत्ता फोन नको, ती झोपली आसंल."

न्यूयॉर्क छान आहे, गर्दी मुंबईसारखीच. परतीला वरचे वारे पाठीशी असतात, ते पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, त्यामुळे तासा-दीड तासाने लवकर पोचलो. शेजारी मात्र कानात यंत्र घालून बसलेला एक तरुण होता. अख्ख्या वाटेत तो एक शब्द बोलला नाही, आणि मला तो प्रवास जातानापेक्षा लांबला.