शेवटचं भोक

संध्याकाळी साडेसहाला आमच्या सांगलीच्या जिममध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतही एक पोरगा लांबून ओळखू यायचा, कारण तो वजन उचलताना कमरेला बांधायचा जाड बेल्ट पार्किंगमध्येच बांधून वर यायचा. दंड मारायचे असोत नाहीतर ट्रेडमिल, बेल्ट काही सुटत नसे. मी दोनदा टोकलं. "सर, पाठ सांभाळतो ना तो," हे ठरलेलं उत्तर. तिसऱ्यांदा टोकलं नाही, ते माझं चुकलंच.

त्या दिवशी त्याचे स्क्वॉट होते, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन बैठका. रॉडवर ११० किलो. मी मागे उभा राहिलो. त्यानं पोट पार आत ओढलं, काटा शेवटच्या भोकात अडकवला आणि छाती भरून श्वास घेतला. खांदे कानाला लागले. तिथंच मला खटकलं. चौथ्या रेपला, म्हणजे चौथ्यांदा उठताना, ढुंगण आधी वर आलं, छाती खालीच राहिली. रॉड कसाबसा रॅकवर टेकला आणि गडी पांढराफटक! बगलेत हात घालून बसवला, बेल्ट सोडला. बरगडीखाली लाल वळ उमटला होता.

श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब झरकन चढतो आणि श्वास सोडताच घसरतो, म्हणून डोळ्यांपुढे अंधारी येते. (बीपीवाल्यांना मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बेल्ट बांधून जड उचलूच देत नाही. त्यावरून भांडणंही झालीत.)

पाणी पिऊन तो सावरल्यावर त्याला उताणा झोपवला. बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या मऊ जागेत त्याचीच बोटं रोवायला लावली. म्हटलं, "खोक." बोटं बाहेर ढकलली गेली. "आता न खोकता तसंच ढकल." जमेना. पोट आतच जायचं. दहा-बारा वेळा केल्यावर कुठं बाजू फुगायला लागल्या.

"हे आलं की बेल्टचा उपयोग. बेल्ट पाठ धरत नाही रे, पोटाला रेटायला भिंत देतो. पोट सगळीकडून रेटलं की आतला दाब वाढतो आणि मणका ताठ राहतो. तू पोटच आत घेऊन बांधतोस, मग रेटणार काय?"

"पण सर, संकेत सरगर पण घालतोच की." आमच्या सांगलीच्या या वेटलिफ्टरनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवल्यापासून आमच्याकडच्या प्रत्येक वादात संकेत येतोच.

"वेटलिफ्टर घालतात. पण स्नॅचला, म्हणजे एका झटक्यात रॉड डोक्यावर नेताना, बरेच जण काढून ठेवतात; क्लीन अँड जर्कला, म्हणजे आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेताना, बांधतात. पार्किंगमध्ये कोणी बांधत नाही."

माझा हिशेब त्याला सांगितला. एकदाच उचलता येतं त्या वजनाच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत बेल्ट नाही. त्याचं ते वजन १२५, म्हणजे १०० च्या पुढेच, तेही स्क्वॉट आणि डेडलिफ्टलाच (जमिनीवरून रॉड उचलायचा तो व्यायाम). आणि इतका ढिला, की पोट आणि बेल्टमध्ये बोटं सरकली पाहिजेत. हा काही शास्त्रातला आकडा नव्हे, कोणी ७५ म्हणेल, कोणी ८५. पण नवख्याला एक रेघ आखून दिलेली बरी.

त्या दिवशी जड काही नाही. नुसत्या २० किलोच्या रॉडवर, बेल्टशिवाय, पाच रेप. गुडघे लटपटत होते, चेहरा शरमलेला.

जाताना बेल्ट खुंटीवर राहिला, विसरला की मुद्दाम ठेवला कोण जाणे. मी उचलून पाहिला. अलीकडची सगळी भोकं कोरी करकरीत, आणि शेवटचं ताणून ताणून लांबुळकं झालेलं.