हर्णैचा कॅमेरा : दसऱ्यापासून आगोटीपर्यंत

हर्णैचं आमचं घर आम्ही पावसाळा सोडून पर्यटकांना राहायला देतो. मी पुण्यात असतो, घर काका-काकी सांभाळतात. फोन करणारा प्रत्येक जण भाव विचारून झाला की पुढचा प्रश्न हाच विचारतो : "समुद्र दिसतो का हो?" दिसतो, आणि समोर समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्लाही दिसतो. सांगत बसण्यापेक्षा दर पाच मिनिटांनी ताजा फोटो दाखवावा, असं मनात आलं. त्यातूनच हे वेड लागलं. किनाऱ्यावर कॅमेरा लावू बघणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून दसऱ्यापासून आगोटीपर्यंत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, जे केलं ते लिहून ठेवतोय.

दसऱ्यानंतर

जागा ठरवण्यात दोन अख्ख्या संध्याकाळी गेल्या. समुद्राकडे तोंड केलं की झालं, इतकं ते सोपं नाही. मला वर्षभराचे सूर्यास्त एकाच चौकटीत हवे होते. हर्णै साधारण 17.8 अंश अक्षांशावर आहे. तिथे सूर्य डिसेंबरात बरोबर पश्चिमेच्या 25 अंश डावीकडे मावळतो आणि जूनमध्ये तेवढाच उजवीकडे. म्हणजे 50 अंशांचा पट्टा झाला. 2.8 मिलिमीटरची लेन्स 100 अंशांच्या आसपास बघते. तिच्यात सगळं मावतं, पण किल्ला काडेपेटीएवढा दिसतो. 6 मिलिमीटरला किल्ला झकास येतो, मात्र पट्टा जेमतेम बसतो. शेवटी 4 मिलिमीटर घेतली.

डोम, म्हणजे घुमटासारख्या आवरणाचा कॅमेरा, नकोच होता. त्याच्या गोल आवरणावर मीठ धरतं, थेंब लेन्ससमोरच अडकून राहतात आणि अंधारात बघण्यासाठी कॅमेरा टाकतो तो इन्फ्रारेड उजेडच रात्री आवरणावरून उलटून चित्र धुरकट करतो. म्हणून सपाट काचेचा, टरेट प्रकारचा कॅमेरा घेतला, आयपी67 दर्जाचा. हा दर्जा धूळ आणि पाणी आत शिरण्याबद्दल बोलतो, मिठानं धातू खाण्याबद्दल नाही. किनाऱ्यावर खरेदी करताना हे डोक्यात पक्कं हवं.

दिवाळीची सुट्टी

कॅमेरा वाडीच्या खालच्या टोकाला मांगरावर (शेतघरावर) बसवला. घरापासून वायर 50 मीटर. मांगराच्या पुढे फक्त उतार आणि समुद्र; घर, खळं, पाहुण्यांच्या खोल्या सगळं कॅमेऱ्याच्या पाठीमागे. हे मुद्दाम केलं, त्याचं कारण पुढे येईल.

भिंत जांभ्याची. जांभ्यात ड्रिल घातलं की भोकाचा भुगा होतो आणि रॉलप्लग गोल फिरत बसतो. दोन भोकं वाया घालवल्यावर भिंतीचा नाद सोडला आणि कौलाखालच्या वाशाला सागाची फळी ठोकून तिच्यावर कॅमेरा लावला. त्यामुळे वरून पागोळ्यांची सावलीही मिळाली. स्क्रू 316 प्रतीच्या स्टीलचे वापरले. 304 चे गेल्या वर्षी फाटकाला लावले होते, त्यांच्यावर एका मोसमात तांबूस डाग आलेत. वायर जोडाच्या खोक्यात शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, आत जात नाही. बांधायला काळ्या पट्ट्या वापरल्या, पांढऱ्या नाही. पांढऱ्या उन्हानं ठिसूळ होतात आणि बोटानं तुटतात.

नोव्हेंबर

सगळ्यात जास्त शिकलो ते या महिन्यात.

कॅमेरा दिवसभर ठणठणीत चालायचा आणि संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला बंद पडायचा. मग चालू व्हायचा, पुन्हा बंद, रात्रभर हेच. मी पुण्यातून नोंदी बघत होतो. आधी राऊटरवर संशय घेतला. मग वाटलं, संध्याकाळी गावात व्होल्टेज पडत असेल, म्हणून काकांना स्टॅबिलायझर लावायला सांगितला. काही फरक नाही.

चौथ्या दिवशी काका स्वतःच मांगरापाशी जाऊन बसले. रात्री त्यांचा फोन. "अरे, त्याच्या डोळ्याभोवती ते बारके लाल ठिपके पेटतात ना, ते पेटले की तो मरतो. दर वेळी. मी पाच वेळा बघितलं."

तिथेच उलगडा झाला. अंधारलं की इन्फ्रारेड दिवे लागतात आणि कॅमेरा दुप्पट वीज मागतो, दिवसा साडेतीन वॅट तर रात्री सातच्या आसपास. मी पैसे वाचवायला पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच वीज पुरवणारी पेटी) न घेता 12 व्होल्टचा ॲडॉप्टर आणि नेटवर्क केबलच्या मोकळ्या तारांतून वीज नेणारी साधी जोडी लावली होती. शनिवारी हर्णै गाठलं. मांगराकडच्या टोकाला मल्टिमीटर लावला, तर भर दुपारी 12 व्होल्टऐवजी साडेनऊच्या आत-बाहेर. म्हणजे अडीच व्होल्ट वाटेतच गळत होते. दिवे लागले की विजेचा प्रवाह वाढतो, तारेत आणखी व्होल्ट गळतात, ती तूट भरायला कॅमेरा आणखी प्रवाह ओढतो आणि कोसळतो.

पण 50 मीटरला एवढी गळती का? केबलचं एक टोक कापलं आणि एक तार ब्लेडनं खरवडली. वरून तांब्याचा रंग, दोन-तीन घासण्यांत आतून चंदेरी पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तिचा रोध निव्वळ तांब्याच्या दीडपट धरा. केबलच्या खोक्यावर सीसीए (अशा मुलामा दिलेल्या तारेचं इंग्रजी लघुरूप) अशी बारीक अक्षरं होती, मी वाचली नव्हती. बाहेर केबल टाकणार असाल तर टाकण्याआधी ब्लेड लावा. दहा सेकंदांचं काम आहे.

उपाय दुहेरी केला. निव्वळ तांब्याची, बाहेर टाकायची काळ्या आवरणाची केबल घेतली आणि 802.3एएफ या मानकाचा पीओई स्विच बसवला. हा स्विच 48 व्होल्टच्या आसपास वीज पाठवतो. व्होल्ट चौपट झाले की तेवढ्याच वॅटला प्रवाह एक चतुर्थांश पुरतो आणि तारेत वाया जाणारी वीज सोळाव्या हिश्श्यावर येते. त्या रात्री दिवे लागले आणि कॅमेरा चालू राहिला. काकींनी खिडकीतून हाक मारली, "पेटले रे, आणि हलला नाही!"

डिसेंबर

चोवीस तास थेट चित्रण दाखवायचा मोह सोडला. आमच्या इंटरनेट जोडणीला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा ओळख क्रमांक) नाही, तो अनेक घरांत मिळून एक असतो. त्यामुळे बाहेरून आत यायला दार नाही. आणि ते असावं असंही मला वाटत नाही. कॅमेरा उघडा इंटरनेटवर टाकणं धोक्याचं. म्हणून उलटं केलं. घरातला रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक दर पाच मिनिटांनी कॅमेऱ्याच्या आरटीएसपी प्रवाहातून (कॅमेरा नेटवर्कवर सोडतो त्या चित्रणातून) एफएफएमपेग या प्रोग्रॅमनं एक फोटो उचलतो आणि स्वतःच इंटरनेटवर पाठवतो. आरटीएसपी टीसीपीवरूनच घ्या; टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती, टीसीपीत हरवलेले तुकडे परत मागवले जातात. यूडीपीवर माझ्या फोटोंचा खालचा अर्धा भाग राखाडी चिखलासारखा यायचा.

दिवसाचे 288 फोटो होतात. सेकंदाला 24 लावले की 12 सेकंदांत अख्खा दिवस बघून होतो. भरती-ओहोटी त्यात छातीच्या श्वासासारखी दिसते आणि रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, हे पुस्तकातलं वाक्य पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं.

वीज जाते तेव्हा मेमरी कार्डं मरतात. एक गेलं. आता ताजे फोटो संगणकाच्या रॅममध्येच (तात्पुरत्या मेमरीत) राहतात, कार्डावर लिहीत नाही. स्विच, राऊटर आणि रास्पबेरी पाय तिन्ही इन्व्हर्टरवर घेतले.

जानेवारी

एका कुटुंबातल्या ताईंनी आल्या आल्या काकींना विचारलं, "कॅमेरा आमच्याकडे बघतो का?" काकी त्यांना मांगरापर्यंत घेऊन गेल्या आणि फोनवर ताजा फोटो दाखवला. मला तो प्रश्न रास्त वाटतो. लोक घर भाड्यानं घेतात ते निवांत राहायला. घरं भाड्यानं देण्याच्या एअरबीएनबी या संकेतस्थळानं 2024 च्या एप्रिलअखेरीपासून घराच्या आत कॅमेऱ्याला बंदीच घातली आणि बाहेरचा असेल तर तो कुठे आहे हे आधी सांगणं बंधनकारक केलं. आम्ही तिथे नाही, तरी तोच नियम पाळतो. आरक्षणाच्या निरोपात कॅमेऱ्याचा उल्लेख असतो, मांगरावर मराठीत पाटी आहे, आवाजाची नोंद बंद आहे. चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात किनाऱ्याकडे जाणाऱ्या पायवाटेचा तुकडा येत होता, त्यावर कॅमेऱ्यातच काळी पट्टी टाकली. पुळणीवरची माणसं ठिपक्यांएवढी दिसतात. त्याहून जवळ मला जायचं नाही.

मार्च

मीठ. आठवड्याभरात काचेवर साय धरते आणि सूर्य समोर आला की सगळं चित्र पांढरं होतं. सुरुवातीला काका धोतराच्या सोग्यानं पुसायचे. मिठाचे कण कोरडे घासले तर काचेवर ओरखडे पडतात. आता आधी तांब्यानं गोडं पाणी ओततात, मग मऊ फडकं. दर रविवारी.

कोळ्याचं जाळं ही दुसरी कटकट. इन्फ्रारेड दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी. समुद्राला त्या दिव्यांचा उपयोगही नाही, उजेड तिथवर पोचतच नाही. बंदच करून टाकले आणि रात्रीचा शटर वेळ वाढवला. जाळं गेलं, वर रात्री मच्छीमार नौकांचे दिवे स्पष्ट यायला लागले.

मग एके दिवशी चित्रच गेलं. कॅमेऱ्यामागचा जोड उघडला तर पिनांवर हिरवा कळंक. खारा दमटपणा आणि सतत वाहणारी डीसी वीज एकत्र आली की तांबं झपाट्यानं खाल्लं जातं. टोक कापून नवं लावलं, पिनांवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरलं आणि वरून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

एप्रिल

ज्याची वाट बघत होतो ते घडलं. आमच्या मांगरावरून किल्ला बरोबर पश्चिमेच्या जरासा उजवीकडे येतो. या दिवसांत मावळतीची जागा रोज 0.4 अंशानं सरकते, म्हणजे सूर्याच्या स्वतःच्या रुंदीपेक्षा थोडी कमी. 29 मार्चपासून तो तटबंदीच्या डाव्या टोकाकडे सरकत होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चार संध्याकाळी तो तटाच्या मागे बुडाला. त्या दिवसांपुरता फोटो दर 20 सेकंदांनी घेतला. एका फोटोत तटावरची झाडं लाल गोळ्यावर काळी उमटलीयेत. तो फोटो मी छापून ओटीवर लावलाय. परत हा योग सप्टेंबरात येईल, तेव्हा ढग किती असतील ते आकाशावर.

आगोट

मे महिन्यात सुक्या मासळीच्या, लाकूडफाट्याच्या तयारीत काकांना कॅमेऱ्यासाठी वेळ नव्हता. मीच दोनदा जाऊन आलो. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळानं वाडीतल्या पोफळी आडव्या केल्या होत्या, ते विसरलेलो नाही. म्हणून फळीला दोन जादा बोल्ट आणि केबलीला घराच्या टोकाला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारं उपकरण), अर्थिंगसह. गडगडाट सुरू झाला की काकींनी स्विचचा प्लग काढायचा, असं ठरलंय.

1 जूनपासून 61 दिवसांची मासेमारी बंदी लागली. 31 मेच्या रात्रीच्या फोटोत क्षितिजावर सतरा दिवे मोजले. 1 जूनच्या रात्री एकही नाही, नुसती काळी पट्टी आणि तिच्यावर थोडी कमी काळी.

काल काकांनी मांगराच्या पश्चिम अंगाला झावळ्यांची झड (पावसाचा मारा अडवणारा आडोसा) बांधली. कॅमेऱ्यापुरती वीतभर चौकट मोकळी ठेवलीये.